पट्टा पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा आधी पुल्या बघा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे इथेच बांधून घेतलेलं करवतीचं टेबल आहे. अँगलचा सांगाडा, वर जाड पत्रा, खाली प्लमर ब्लॉकवर (बोल्टने बसवलेल्या बेअरिंगच्या घरांवर) फिरणारा शाफ्ट आणि १२ इंची ब्लेड. मोटर ३ हॉर्सपॉवरची, थ्री फेज, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. मोटरवर ६ इंची पुली, शाफ्टवर अडीच इंची आणि दोन्हींवर मिळून एकच ए-४२ नंबरचा पट्टा (व्ही-बेल्ट). मे महिन्यापासून हा पट्टा तीन वेळा तुटला. शेवटचा तर नवा घातल्यावर पंधराव्या दिवशी, ओल्या फणसाची फळी चिरताना गेला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली आहे, पाट, चौरंग आणि माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या) चौकटींची कामं घेऊन ठेवली आहेत. पट्टा बदलायची नीट पद्धत कोणती आणि कुठल्या कंपनीचा घेतला तर टिकेल, असं ते विचारतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कंपनी बदलून हे थांबणार नाही. फेनरचा घ्या, पिक्सचा घ्या, आणखी कुठला चांगला घ्या, अडीच इंची पुलीवरून ३ हॉर्सपॉवर ओढायला लावलात तर तो जाणारच. यंत्रात सगळ्यात मऊ वस्तू पट्टा असते. बेअरिंग आवळलं, पुली वाकडी बसली, ब्लेड बोथट झालं, फळीने ब्लेड चेपलं, काहीही झालं तरी तुटतो पट्टाच. लाकूडकामाची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, बहुतेक फोंडा आणि डिचोली भागात. तुटलेल्या पट्ट्याचा नंबर वाचून तसाच दुसरा आणणारे पुष्कळ भेटले. तो तुकडा उजेडात धरून नीट पाहणारे फार थोडे. माझं सगळं सांगणं त्या तुकड्यापासून सुरू होतं, म्हणून तो टाकला असेल तर आधी शोधून काढा.

त्याही आधी एक गोष्ट. आपल्याकडे पावसात लाईट जाते, फांदी तारेवर पडली की तासन्‌तास येत नाही. काम बंदच आहे तर तेवढ्यात पट्टा बदलून घेऊ, असं प्रत्येकाच्या मनात येतं. अनेक वर्षांपूर्वी एका वर्कशॉपात मी असाच खाली बसून मोटरचे बोल्ट सैल करत होतो आणि एक मुलगा ब्लेड हाताने फिरवत पट्टा पुलीवर चढवत होता. मेन स्विच वरच होता. स्टार्टर नव्हता, साधा स्विच होता, आणि तोही चालूच राहिला होता. लाईट आली. त्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पट्टा आणि पुली यांच्यामध्ये गेली. स्विच बघायचं काम माझं होतं, त्याचं नव्हतं. त्या दिवसापासून मेन स्विच खाली ओढून फ्यूज खिशात घातल्याशिवाय मी कुठल्याही टेबलाखाली हात घातलेला नाही. एमसीबी असेल तर ती पाडून बोर्डाच्या दाराला कुलूप लावा, चावी स्वतःजवळ ठेवा. मग ब्लेड काढून बाजूला ठेवा. पट्टा बदलायला ब्लेड काढावं लागत नाही हे खरं, पण पट्टा फिरवला की ब्लेड फिरतं आणि तेव्हा आपला दुसरा हात कुठे असतो याचं भान राहत नाही. तुमच्या यंत्राला साधा स्विच असेल तर तो काढून डीओएल स्टार्टर लावून घ्या. लाईट गेली की तो आपोआप सुटतो आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही.

आता तो तुकडा. पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे अरुंद बाजूला आडव्या भेगा असतील, थोड्या थोड्या अंतरावर, तर पट्टा त्याला झेपत नाही इतक्या लहान पुलीवरून वाकवला जातो आहे. दोन्ही तिरक्या बाजू काचेसारख्या चमकत असतील आणि नखाने दाबल्यावर कडक लागत असतील, तर तो घसरत होता आणि घसरून तापत होता. एकाच ठिकाणी खोल जळल्याचा डाग असेल, बाकी पट्टा बरा असेल, तर ब्लेड लाकडात अडकून थांबलं आणि मोटरची पुली मात्र थांबलेल्या पट्ट्याखाली फिरत राहिली. एकच बाजू झिजलेली, दोरे बाहेर आलेले, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. तळ चकचकीत झाला असेल तर पुलीची खाच इतकी झिजली आहे की पट्टा तळाला टेकतो. पट्टा फुगलेला आणि चिकट असेल तर बेअरिंगमधलं ग्रीस किंवा तेल त्याच्यावर उडतं आहे.

आणि एक खूण सगळ्यांत फसवी आहे. पट्टा बाहेरून नवाकोरा दिसतो, भेग नाही, डाग नाही, तरी सरळ तुटलेला असतो. तो बहुतेक वेळा बसवतानाच मेलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर किंवा पहार घालून पुलीच्या काठावरून ओढून चढवला की आतले एका काठचे दोरे तुटतात. रबर शाबूत असल्याने बाहेरून कळत नाही. पट्ट्याचा सगळा जोर त्या दोऱ्यांत असतो, रबर फक्त पकड देतं. असा पट्टा आठवडा-दोन आठवडे चालतो आणि पहिल्या जड फळीला जातो. तुमचा तिसरा पट्टा पंधरा दिवसांत गेला, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बसवताना मोटर पुढे सरकवली होती की पट्टा उचकटून चढवला होता, ते आठवून बघा.

तुम्ही कळवलं आहे की पहिल्या दोन पट्ट्यांना आतून आडव्या भेगा होत्या आणि बाजू चमकत होत्या. तिथे उत्तर मिळतं. ए सेक्शनचा पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच असतो. त्याला किमान ३ इंचांची, म्हणजे ७५ मिलिमीटरची पुली लागते. बी सेक्शनला ५ इंच लागतात. तुमची शाफ्टवरची पुली अडीच इंची. तिथून पट्ट्याचा प्रत्येक भाग मिनिटाला सुमारे सहाशे वेळा जरुरीपेक्षा जास्त वाकतो आणि सरळ होतो, तार वाकवून वाकवून तोडतात तसं. त्यात पुली लहान म्हणजे पट्टा टेकायला जागाही कमी, म्हणून घसरतो. घसरला की तापतो, तापला की कडक होतो, कडक झालेला पट्टा वाकताना लवकर तडकतो. पुन्हा ३ हॉर्सपॉवरची मोटर, लाकूड चिरतानाचे झटके, आणि पट्टा एकटा.

गेल्या वर्षी जुन्या पुलीची चावीची (पुली शाफ्टवर फिरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच फाटली म्हणून टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, नवी करून घेतली, असं तुम्ही लिहिलं आहे. ब्लेड थोडं जोरात फिरावं म्हणून तेव्हा ती लहान केली असावी. वेग हवा हे बरोबर आहे, फक्त तो मिळवायची वाट चुकली. शाफ्टची पुली लहान करून जो वेग मिळतो तोच मोटरची पुली मोठी करूनही मिळतो. हिशेब बघा. आत्ता १४४० गुणिले ६ भागिले अडीच, म्हणजे ३४५६ फेरे. मोटरवर ८ इंची आणि शाफ्टवर साडेतीन इंची पुली घातली तर १४४० गुणिले ८ भागिले साडेतीन, म्हणजे ३२९१ फेरे. १२ इंची ब्लेडचे दाते तेव्हा सेकंदाला ५२ मीटरच्या वर धावतात. टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांना आपल्या साग-फणसासाठी हा वेग पुरेसा आहे, कापण्यात फरक जाणवणार नाही. फायदा मात्र मोठा आहे. पट्ट्याचा स्वतःचा वेग ६ इंची पुलीवर असतो त्याच्या सव्वापटीहून जास्त, नेमका आठ-षष्ठांश होतो. ताकद तीच, वेग जास्त, म्हणून पट्ट्याला ओढावं लागणारं बळ तेवढ्या प्रमाणात कमी होतं, आधीच्या तीन-चतुर्थांश. वर पुली साडेतीन इंची झाल्याने वाकणंही कमी. पट्टा एकच ठेवला तरी हा फरक दिसेल, पण जमलं तर दोन खाचांच्या पुल्या करून घ्या आणि दोन पट्टे चालवा. ३ हॉर्सपॉवरच्या करवतीला दोन ए पट्टे हेच योग्य.

याची एक किंमत आहे, तीही सांगतो. शाफ्टची पुली मोठी झाली म्हणजे ती टेबलाच्या पत्र्याखाली अर्धा इंच वर येते. पत्रा आणि पुली यांच्यात पट्ट्यासकट मोकळी जागा राहते का, ते आधी मोजा. राहत नसेल तर पत्रा थोडा उचलावा लागेल आणि ब्लेड तेवढं कमी वर निघेल. पाट-चौरंगाच्या फळ्यांना त्याने काही अडत नाही. जाड वासे चिरत असाल तर विचार करा.

पुली बदलली की ए-४२ चालणार नाही. नंबरातला आकडा म्हणजे पट्ट्याची आतली लांबी, इंचात. काही पट्ट्यांवर तीच मिलिमीटरमध्ये छापलेली असते, ४२ इंचांसाठी १०६७. नवा नंबर काढायची साधी रीत अशी. मोटर तिच्या सरकायच्या जागेच्या मधोमध ठेवा, दोन्ही पुल्यांच्या काठांवरून सुतळीचा एक फेरा घ्या आणि सुतळी मोजा. ही झाली बाहेरची लांबी. ए पट्ट्यासाठी तिच्यातून २ इंच वजा करा, बी साठी जवळपास पावणेतीन. तुमच्या दोन शाफ्टांमधलं अंतर १५ इंच आहे. त्यावरून बाहेरची लांबी होते साधारण ४८.४ इंच, आतली ४६.४. म्हणजे ए-४६ किंवा ए-४७. मोटर खाली जास्त सरकत असेल तर ४७ घ्या, कारण नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा लांबतो आणि तेवढी जागा हाताशी असावी लागते. पण मोटर पुरेशी पुढे येऊन पट्टा न उचकटता चढला पाहिजे, हेही बघून घ्या.

पट्टा म्हापशात घ्या, फोंड्यात घ्या, मडगावात घ्या, दुकानात तो कुठे टांगला आहे ते मात्र बघा. दारात उन्हात खिळ्याला महिनोन्‌महिने लटकलेला पट्टा नको. हातात घेऊन उलटा वाकवा, तळाला बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. दोन पट्टे घेणार असाल तर एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच वेळी आलेल्या मालातले घ्या. एक जुना एक नवा असं कधी करू नका. नवा आखूड असतो, सगळं वजन तोच ओढतो आणि आधी तोच जातो.

पुलीबद्दल टर्नरला दोन गोष्टी लिहूनच द्या. ए पट्ट्याची तिरकी बाजू ४० अंशांची असते, पण पुलीची खाच ४० अंशांची नसते. पट्टा वाकला की त्याचा आतला भाग फुगतो आणि बाजूंचा कोन बारीक होतो. पुली जितकी लहान तितका जास्त. म्हणून साडेतीन इंची पुलीची खाच ३४ अंशांची हवी आणि ८ इंचीची ३८ अंशांची. दोन्ही एकाच टूलने ३८ अंशांतच कापल्या तर लहान पुलीवर पट्टा फक्त खालच्या कडेला धरतो, बाकी बाजू मोकळी राहते. आपल्याकडे बनवून आणलेल्या पुल्यांत हा दोष मी वारंवार बघतो. दुसरं, खाचेच्या बाजू गुळगुळीत हव्यात आणि तळ पट्ट्यापासून मोकळा हवा. नवा पट्टा ठेवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाशी बरोबर यावी, जास्तीत जास्त किंचित वर. आत बुडली तर ती पुली घेऊ नका. शाफ्टचा व्यास आणि चावीची रुंदी स्वतः व्हर्निअरने मोजून द्या. ३ हॉर्सपॉवरच्या १४४० फेऱ्यांच्या मोटरचा शाफ्ट बहुधा २८ मिलिमीटरचा आणि चावी ८ मिलिमीटरची असते, तरी मोजाच.

पुल्या जुन्याच ठेवणाऱ्यांसाठी पावसाचं एक सांगायला हवं. बिडाच्या पुलीला आपल्या हवेत चार दिवस यंत्र बंद राहिलं तरी गंज धरतो. किनाऱ्याजवळ, खाऱ्या वाऱ्यात, आणखी लवकर. तो खरखरीत गंज पट्ट्याच्या बाजू कानशीसारख्या घासतो. आठवडाभर पाऊस लागून काम बंद होतं आणि नंतर टेबलाखाली काळी पूड दिसली, तर ती पट्ट्याची आहे. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने खाचा साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा. गंज येऊ नये म्हणून तेल लावायचा मोह होतो, खाचेत ते अजिबात नको. सरळ पट्टी खाचेच्या बाजूला आडवी धरून बघा, मध्ये पाऊण-एक मिलिमीटरची पोकळी दिसली तर पुली झिजली आहे, साफ करून उपयोग नाही.

पट्टा नाही, ब्लेड नाही, अशा वेळी शाफ्ट हाताने फिरवून बघण्याची संधी सोडू नका. पुन्हा ती वर्षभर येत नाही. शाफ्ट मोकळा आणि मुका फिरला पाहिजे. खरखर लागली, कुठे अडकला, वर-खाली हलवल्यावर टकटक झाली तर प्लमर ब्लॉकचं बेअरिंग बदला. फणसाचा ओला भुसा आणि चीक बेअरिंगच्या सीलवर बसून घट्ट होतो, तिथेही बघा. मोटरचा शाफ्टही तसाच तपासा. मग सगळ्यांना दूर उभं करून, पट्ट्याशिवाय, मोटर मिनिटभर चालवा. एकटी चालताना गुरगुरत असेल, हलत असेल, तर दुखणं मोटरमध्ये किंवा फेजमध्ये आहे. थ्री फेजमधली एक फेज गेलेली असेल तर मोटर नुसती घुंई करते आणि उठतच नाही. अशा वेळी लगेच बंद करा, काही सेकंदांत वाइंडिंग जळतं. चाचणी झाली की मेन स्विच पुन्हा खाली आणि फ्यूज पुन्हा खिशात.

बसवायचं काम खरं तर छोटं आहे. मोटरच्या बेस प्लेटचे चारही बोल्ट सैल करा, मोटर शाफ्टच्या बाजूला पूर्ण सरकवा, पट्टा दोन्ही पुल्यांवर हाताने सैलसर ठेवा. हाताने बसला नाही तर मोटर आणखी सरकवा. आणखी सरकत नसेल तर पट्टा चुकीच्या लांबीचा आहे, बदलून आणा. स्क्रू ड्रायव्हर लागला म्हणजे काहीतरी चुकलं आहे, हे पक्कं धरून चाला.

पुल्या एका रेषेत आणायला मात्र वेळ द्या. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी धरा, अॅल्युमिनियमचा दरवाज्याचा सेक्शनही चालतो. ती चार ठिकाणी टेकली पाहिजे, प्रत्येक पुलीच्या दोन्ही काठांना. कुठे फट दिसली तर आधी मोटर वळली आहे का बघा, मग पुली शाफ्टवर आत-बाहेर करा. दोन पुल्यांच्या काठांची जाडी वेगळी असेल तर पट्टी फसवते, तेव्हा खाचेच्या मध्यापासून मोजा. पुली ढकलून झाली की चावी नीट बसली आहे ना बघून ग्रब स्क्रू (पुलीतला बिनडोक्याचा स्क्रू) आवळा आणि त्यावर लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, थेंब सोडा. हे करताना मी सुतळी आणि टॉर्च वापरतो. टेबलाखाली अंधार असतो आणि नुसत्या नजरेने सरळ वाटणारं पुष्कळदा दोन मिलिमीटर वाकडं निघतं.

ताण किती हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि 'अंगठ्याने दाबून थोडा दबला पाहिजे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण सुताराचा अंगठा आणि शाळकरी पोराचा अंगठा सारखा नसतो. दोन पुल्यांमधल्या पट्ट्याच्या मोकळ्या लांबीच्या प्रत्येक इंचाला एक इंचाचा चौसष्टावा भाग, एवढा पट्टा मध्यावर दबावा. तुमच्याकडे ही लांबी १५ इंच, म्हणजे जवळपास ६ मिलिमीटर. तेवढा दबायला एका पट्ट्यावर सुमारे दीड किलोचं वजन लागलं पाहिजे. बाजारात सामान तोलायला हुकवाला काटा मिळतो, त्याने पट्टा मध्यावरून ओढून बघता येतं. दीड किलोला दहा मिलिमीटर आला तर सैल आहे, दोन-तीन मिलिमीटरच हलला तर फार घट्ट. घट्ट पट्टा घसरत नाही म्हणून लोकांना चांगला वाटतो, पण त्याचा राग बेअरिंगवर निघतो. मोटरचं पुढचं बेअरिंग सहा महिन्यांत ओरडू लागलं तर बहुधा कुणीतरी पट्टा पहारीने ताणलेला असतो. ताण जमला की चारही बोल्ट एकाआड एक आवळा आणि सरळ पट्टी पुन्हा लावून बघा. बोल्ट आवळताना मोटर हमखास वळते.

ब्लेड चढवा, नट घट्ट करा, हाताने दोन-चार फेरे फिरवा. मध्यंतरी इलेक्ट्रिशियनने स्टार्टरच्या वायरी हलवल्या असतील तर ब्लेड चढवण्याआधीच मोटर क्षणभर चालवून दिशा बघा. थ्री फेजच्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते आणि मग ब्लेडचा नट आवळला जाण्याऐवजी सुटत जातो.

पहिली दहा मिनिटं रिकामं चालवा, मग सुकी बारीक फळी चिरा. पंधरा-वीस मिनिटं काम झाल्यावर बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मेन स्विच पाडा आणि लहान पुलीला हात लावा. कोमट लागली तर ठीक. हात टेकवून ठेवता येत नसेल तर पट्टा घसरतो आहे, ताण पुन्हा बघा. ही तपासणी सोडू नका, आणि फक्त पट्ट्यासाठी म्हणत नाही. तापलेल्या पुलीखाली कोरड्या बारीक भुशाचा ढीग असतो. वर्कशॉप जळायला तेवढं पुरतं. सगळं चांगलं चाललं तरी दोन-तीन दिवसांच्या कामानंतर ताण एकदा नक्की वाढवा, कारण नवा पट्टा खाचेत बसतो आणि थोडा लांबतो. ही एक गोष्ट लोक सर्वांत जास्त विसरतात.

घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ टाकायची जुनी सवय आपल्याकडे आहे. आवाज त्या क्षणी थांबतो हे खरं. पण राळेवर भुसा चिकटतो, त्याची वडी होते, ती खाचेत बसते आणि पट्टा एका जागी उचलला जाऊन हिसके खातो. तुमच्या खाचेत तांबूस थर असेल तर तो आधी खरवडून काढा.

ज्यांच्याकडे कंपनीचं मोठं कॅबिनेट सॉ आहे आणि त्याला तीन पट्टे आहेत, त्यांनी एक तुटला तरी तिन्ही बदलावेत. उचलून नेता येणाऱ्या छोट्या टेबल सॉमध्ये पट्टा असलाच तर बहुधा पातळ, उभ्या रेघांचा असतो. त्याला ए-बीचे नंबर लागत नाहीत, पट्ट्यावर छापलेला पूर्ण नंबर आणि रेघांची संख्या जुळलीच पाहिजे.

आता ओल्या फणसाचं. ओली फळी चिरताना मागे मिटते आणि ब्लेडला दोन्हीकडून चेपते. तुमच्या टेबलाला ब्लेडच्या मागे फाळ दिसत नाही. ब्लेडच्या काप-रुंदीपेक्षा किंचित पातळ आणि ब्लेडच्या पात्यापेक्षा किंचित जाड असा पोलादी फाळ ब्लेडच्या मागे जवळ बसवून घ्या. फळी मिटत नाही, ब्लेड अडत नाही, पट्ट्याला तो झटका बसत नाही आणि फळी उलटी पोटावर येण्याचा धोकाही कमी होतो. चीक धरलेलं ब्लेड रोज संध्याकाळी काढून रॉकेलने पुसा, पण पट्ट्यापासून लांब नेऊन. दाते बोथट झाले असतील तर धार लावल्याशिवाय नवा पट्टा घालू नका.

पुल्या तयार व्हायला आठवडा लागेल आणि तोवर चौरंगांचं काम थांबवता येणार नाही, हे मला कळतं. तेवढ्या दिवसांपुरता दातेरी ए-एक्स-४२ पट्टा आणा. आतल्या बाजूला खाचा असल्याने तो लहान पुलीवर सहज वाकतो आणि कमी तापतो. सध्याच्या अडीच इंची पुलीच्या खाचा साफ करून तो बसवा, फक्त सुकी, इंचापर्यंतची फळी चिरा, ढकलताना मोटरचा आवाज खाली बसला की हात थांबवा. ओला फणस नव्या पुल्या येईपर्यंत बाजूला ठेवा. दर तासाला यंत्र बंद करून त्या लहान पुलीला हात लावून बघा. टर्नरकडे जाताना आजच दोन्ही जुन्या पुल्यांची मापं आणि तुटलेल्या तिन्ही पट्ट्यांचे तुकडे सोबत घेऊन जा.